काटा रुतला, हे पांढऱ्या पेशींना कोण सांगते?

आषाढाचे दिवस. लावणीची घाई. आपट्याच्या शिवारात पहाटेपासून माणसे गुडघाभर चिखलात उभी. आमच्या काकूही रोजावर लावणीला जात होत्या. वय पंचावन्न, पण कामात तरण्या पोरींना मागे टाकतील अशा. एके दिवशी बांधावरून उतरताना उजव्या पायाच्या चवड्यात बाभळीचा काटा गेला. काकूंनी बांधावरच बसून तो उपटला, पाय खाचरातल्या पाण्यात विसळला आणि पुन्हा ओळीत जाऊन उभ्या राहिल्या. संध्याकाळी घरी आल्यावर काट्याच्या जागी रुईचा चीक लावला. "काट्याने काय माणूस मरतो का?" असे वर आम्हालाच विचारले.

तिसऱ्या दिवशी पाय सुजला. ठणका फारसा नव्हता, चालता येत होते, म्हणून घरात कोणी मनावर घेतले नाही. लावणीचा रोज बुडू नये म्हणून काकू वाटेवरच्या एका दवाखान्यात गेल्या. तिथे इंजेक्शन मिळाले, पुडीत बांधून गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या सकाळी सूज निम्म्याने उतरली. "डॉक्टरच्या हाताला गुण आहे," असे काकू वाडीभर सांगत सुटल्या. पण आणखी तीन दिवसांनी पाय काळानिळा पडला आणि थंडी वाजून ताप भरला. दिवा-रोहा गाडीत कसेबसे बसवून आम्ही त्यांना पनवेलला नेले आणि सरकारी रुग्णालयात दाखल केले. तिथे आयुष्यात पहिल्यांदा काकूंची साखर तपासली गेली. ती तीनशेच्या वर होती. पाय वाचला, पण दोन बोटे काढावी लागली.

शस्त्रक्रिया करणाऱ्या तरुण डॉक्टरांनी पुडीतल्या उरलेल्या गोळ्या पाहिल्या. त्या स्टेरॉइडच्या होत्या. ते म्हणाले, "भाऊ, सूज आली म्हणजे पायाने मदत मागितली होती. या गोळ्यांनी मदत येण्याचा रस्ताच बंद केला."

हे वाक्य आमच्या डोक्यातून जाईना. पाय मदत मागतो म्हणजे काय करतो? कोणाकडे मागतो? आम्ही कचेरीत आवक-जावक सांभाळणारी माणसे. निरोप कोणी पाठवला, कोणाला पोहोचला आणि वाटेत कुठे अडकला, हे शोधणे आमचे रोजचेच काम. म्हणून याही निरोपाचा माग काढायचा ठरवले. डॉक्टरांना विचारले, पुस्तके चाळली. जे समजले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत. काटा तर प्रत्येकाच्याच पायात जातो.

सुजेच्या चार खुणा

जखमेची जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. या चार खुणा सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवल्या आहेत. वैद्यकात या सगळ्या प्रकाराला दाह म्हणतात. आपण दाहाला आजार समजतो. पण खरे पाहता तो आजार नव्हे, आजाराशी चाललेली झुंज आहे.

काटा कातडीतून आत शिरला की तिथल्या काही पेशी फुटतात. काट्याच्या टोकावरचे आणि चिखलातले जंतूही आत जातात. कातडीखाली पहारेकरी पेशी कायम वस्तीला असतात. त्यांतल्या काहींच्या पोटात हिस्टामिन नावाचे द्रव्य भरलेले असते. धोका कळताच त्या ते बाहेर टाकतात. त्यामुळे जवळच्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात आणि जास्त रक्त येते, म्हणून लाली आणि ऊब. रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होऊन पातळ पाणी बाहेर झिरपते, म्हणून सूज. प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तिथल्या मज्जातंतूंना हळवे करतात, म्हणून ठणका. ठणका त्रास देतो खरा, पण त्यामुळेच आपण त्या पायावर भार टाकत नाही.

हे सारे कशासाठी? रक्तातून वाहत जाणाऱ्या पांढऱ्या पेशींनी नेमक्या याच जागी उतरावे म्हणून.

मेसिनातला गुलाबाचा काटा

ही गोष्ट जगाला पहिल्यांदा नीट कळली तीही एका काट्यामुळेच. साल १८८२. एली मेचनिकॉव्ह नावाचे रशियन प्राणिशास्त्रज्ञ तेव्हा इटलीतील सिसिली बेटावर, मेसिना गावी राहत होते. घरची मंडळी सर्कशीला गेली होती. मेचनिकॉव्ह एकटेच सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाचे पिल्लू पाहत होते. हे पिल्लू काचेसारखे पारदर्शक असते. त्याच्या अंगातल्या काही पेशी इकडून तिकडे सरपटताना त्यांना दिसल्या. त्यांच्या मनात आले की या पेशी शत्रूवर चाल करून जात असतील काय? त्यांनी बागेतल्या गुलाबाचे बारीक काटे आणले आणि पिल्लांच्या अंगात टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो पेशींनी काट्याला चहूबाजूंनी गराडा घातलेला!

तारामाशाला ना रक्तवाहिन्या, ना मेंदू. तरीही त्याच्या पेशींना काटा कुठे आहे ते कळले. शत्रूला गिळणाऱ्या या पेशींच्या शोधासाठी मेचनिकॉव्ह यांना १९०८ साली पॉल अर्लिख यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळाले. पण या पेशींना वाट कोण दाखवते, हा प्रश्न उरलाच होता. १८८८ मध्ये थिओडोर लेबर या जर्मन नेत्रतज्ज्ञाने सशाच्या डोळ्यातील दाहाचा अभ्यास करून सांगितले की, जखमेच्या जागेतून काही रासायनिक द्रव्ये पसरतात आणि त्यांच्या रोखाने पांढऱ्या पेशी चालत येतात. पाय मदत मागतो तो असा, रसायनाच्या भाषेत.

निरोप कोण धाडतो?

हा निरोप एकच नसतो. गावात आग लागली तर कोणी ओरडतो, कोणी धावत जाऊन दार ठोठावतो, कोणी फोन करतो. शरीरही तसेच चार वाटांनी निरोप धाडते.

पहिला निरोप फुटलेल्या पेशींचा. पेशीच्या आत राहायला हवी ती द्रव्ये बाहेर सांडली, याचाच अर्थ इथे काहीतरी फुटले आहे.

दुसरा निरोप खुद्द शत्रूचा. जंतू जी प्रथिने तयार करतात त्यांच्या सुरुवातीला एक खास रासायनिक खूण असते. जंतू वाढताना या प्रथिनांचे तुकडे आजूबाजूला सांडतात आणि पांढऱ्या पेशी ती खूण ओळखतात. चोराने जाता जाता आपलीच चप्पल दारात सोडावी तसा हा प्रकार. १९७५ च्या सुमारास शास्त्रज्ञांना हे समजले. आपल्या पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारे जे घटक असतात, ते फार प्राचीन काळी जंतूंपासूनच आलेले आहेत. त्यांच्या प्रथिनांवरही तीच खूण असते. म्हणून पायावर दगड पडून मांस चेचले, कातडी फाटली नाही, एकही जंतू आत गेला नाही, तरी पांढऱ्या पेशी धावून येतात आणि पाय सुजतो.

तिसरा निरोप रक्तातल्या प्रथिनांचा. रक्तात काही प्रथिने निजल्यासारखी फिरत असतात. जंतूचा स्पर्श झाला की ती फुटून जागी होतात. त्यांतला सी-फाइव्ह-ए नावाचा तुकडा पांढऱ्या पेशींना जोराने ओढतो.

चौथा निरोप वस्तीला असलेल्या पहारेकरी पेशींचा. त्या इंटरल्यूकिन-८ नावाचे द्रव्य सोडतात. १९८७ साली सापडलेले हे द्रव्य म्हणजे पांढऱ्या पेशींसाठी सरळ सरळ बोलावणे आहे. शिवाय ज्या पेशी आधी पोहोचतात, त्या स्वतः ल्यूकोट्रीन नावाचे द्रव्य सोडून मागच्यांना हाक घालतात. म्हणून दहा आल्या की शंभर येतात आणि शंभर आल्या की हजार.

वाहत्या गाडीतून उतरणे

आता निरोप निघाला. पण पांढरी पेशी तर रक्ताच्या ओघात वाहत चाललेली. वेगात धावणाऱ्या गाडीतून नेमक्या आपट्याच्याच स्टेशनवर उतरायचे कसे?

त्याची सोय शरीराने केली आहे. निरोप पोहोचताच जखमेजवळच्या रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर चिकट आकडे उगवतात. वाहती पेशी त्यांना अडखळते, सुटते, पुन्हा अडखळते आणि भिंतीवरून गडगडत जाते. तिचा वेग मंदावला की इंटरल्यूकिन-८ सारखा निरोप तिला तिथेच भेटतो. मग ती स्वतःचे मजबूत हूक बाहेर काढते, भिंतीला घट्ट चिकटते आणि दोन पेशींमधल्या फटीतून अंग चेपून बाहेर निसटते. गाडीचा वेग कमी झाला, हाताला दांडी सापडली, की माणूस उतरतो तसेच.

हे हूक किती मोलाचे आहेत ते काही अभागी बालकांकडे पाहून कळते. क्वचित एखादे मूल जन्मतःच या हुकांशिवाय येते. त्याच्या रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट असतात, पण त्या जखमेकडे उतरूच शकत नाहीत. अशा मुलाची नाळ आठवडा-दोन आठवड्यांत गळून पडण्याऐवजी तीन-चार आठवडे रेंगाळते. त्याला पुन्हा पुन्हा गंभीर संसर्ग होतो, आणि नवल म्हणजे जखमेत पू धरत नाही. वेळीच ओळखले तर अस्थिमज्जा बदलून असे मूल वाचवता येते. या तपासणीची सोय मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय रक्तविज्ञान संस्थेत आहे. एनआयआयएच या नावाने ती ओळखली जाते.

इथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. हा दोष आई आणि बाप दोघांकडूनही आला तरच मुलात उतरतो. जवळच्या नात्यात लग्न झाले असेल तर तशी शक्यता वाढते. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे अजून आहे. सोयरीक जुळवताना माताभगिनींनी याचाही विचार करावा. नाळ उशिरा पडली म्हणजे हाच आजार असे मुळीच नाही, पण तीन आठवडे उलटले तर बाळाला डॉक्टरांना जरूर दाखवावे.

सुकटीचा वास आणि पेशीची चाल

रक्तवाहिनीतून बाहेर पडल्यावर पुढची वाट कशी सापडते? वाडीतल्या कोणत्या घरात आज सुकट भाजली आहे, हे आपण नाकाने ओळखतो. चार पावले पुढे जातो. वास वाढला तर दिशा बरोबर, कमी झाला तर चूक. जखमेतून पसरणारी द्रव्येही अशीच असतात. काट्याजवळ दाट, लांब जावे तशी विरळ.

पांढऱ्या पेशीला मात्र चार पावले चालून पाहण्याचीही गरज पडत नाही. तिच्या अंगभर हे निरोप टिपणारी टोके असतात. आपल्या एका बाजूला द्रव्य किती आणि दुसऱ्या बाजूला किती, हे ती उभ्या जागी ताडते. हा फरक शंभरात एक-दोन इतका थोडा असला तरी तिला तो कळतो. शंभर रुपयांच्या हिशेबात एक रुपयाची तफावत पकडणारा कारकून आमच्या कचेरीत मिळायचा नाही! जिकडे द्रव्य जास्त, तिकडचे अंग ती पुढे ताणते, मागचे आखडून घेते आणि सरपटते. १९५० च्या दशकात अमेरिकेत डेव्हिड रॉजर्स यांनी याचे चलचित्र टिपले होते. तांबड्या पेशींच्या गर्दीतून वाट काढत एक पांढरी पेशी जंतूच्या मागे लागते, जंतू वळला की वळते आणि शेवटी त्याला गिळते.

तिची चाल मिनिटाला साधारण एक शतांश मिलिमीटर. म्हणजे एक मिलिमीटर अंतर कापायला तिला दीड तासाहून अधिक वेळ लागतो. पण शरीरात बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे इतके दाट आहे की तिला फार लांब चालावे लागत नाही. पहिल्या काही तासांतच पेशींची रांग लागते आणि सुमारे दिवसभरात गर्दी शिगेला पोहोचते.

ही फौज केवढी मोठी आहे? निरोगी माणसाच्या एका थेंब रक्तात दोन ते पाच लाख पांढऱ्या पेशी असतात. त्यांत सर्वांत मोठा वाटा न्यूट्रोफिल नावाच्या पेशींचा. वर सांगितलेली धावपळ करतात त्या मुख्यतः याच. आपल्या हाडांतील मज्जा रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करते. त्यांचे आयुष्य थोडे, फार तर काही दिवसांचे. जखमेत उतरलेल्या पेशी जंतूंना गिळतात, त्यांच्यावर जहाल द्रव्ये सोडतात आणि तिथेच मरतात. आपण ज्याला पू म्हणून नाक मुरडतो, तो म्हणजे बव्हंशी या मेलेल्या पेशीच.

निरोपच निघाला नाही तर?

दाह त्रासदायक आहे. पण दाह न होणे त्याहून भयंकर, हे महाराष्ट्राने प्लेगच्या साथीत भोगले आहे.

मेचनिकॉव्ह यांचा ओडेसा येथील एक विद्यार्थी होता, वाल्डेमार हाफकिन. ज्यू म्हणून रशियात त्यांची अडवणूक झाली. पुढे गुरूंच्या मागोमाग ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले आणि तिथे सहायक ग्रंथपालाच्या जागेवर त्यांनी सुरुवात केली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उसळला, तेव्हा ते मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढीच सामग्री मिळाली. तेवढ्यावर त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यांना ताप आला, टोचलेली जागा दुखली. म्हणजे शरीराला निरोप पोहोचला होता.

त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. मुंढव्याच्या वस्तीतील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात आणले होते. त्या सेवेतच त्यांना लागण झाली. लस तयार झाली होती, पण ती गोरगरिबांपर्यंत पोहोचायला अजून वेळ होता.

प्लेगचा जंतू एवढा घातक का, याचे उत्तर अलीकडच्या संशोधनातून मिळाले आहे. हा जंतू चोरपावलांनी शिरतो. माणसाच्या अंगातील उष्णतेत तो आपले बाहेरचे आवरण असे बदलतो की पहारेकरी पेशींना तो नीट ओळखू येत नाही. शिवाय जवळ येणाऱ्या पांढऱ्या पेशींना तो विष टोचून लुळ्या करतो. पहिले एक-दोन दिवस निरोपच जात नाही. तेवढ्यात तो जांघेतल्या किंवा काखेतल्या गाठीत ठाण मांडून बेसुमार वाढतो. मग उशिरा दाह उसळतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते. हाफकिन यांच्या लसीने शरीराला या चोराची ओळख आधीच करून दिली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळला गेली आणि १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. परळला कधी गेलात तर मुलांना ती इमारत अवश्य दाखवा.

काकूंच्या पायात काय झाले?

आता हिशेब जुळतो. काकूंच्या पायाचा निरोप तीन ठिकाणी अडला.

पहिला अडथळा मधुमेहाचा. वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली की पायाचे मज्जातंतू बधिर होतात. म्हणून काकूंना ठणका जाणवला नाही आणि त्या सुजलेल्या पायावर उभ्या राहिल्या. साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशीही सुस्तावतात. निरोप मिळूनही नीट चालत नाहीत, जंतू नीट गिळत नाहीत.

दुसरा अडथळा स्टेरॉइडचा. हे औषध निरोप धाडणारी द्रव्येच कमी करते आणि पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटू देत नाही. म्हणून स्टेरॉइड घेतलेल्या माणसाच्या रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात. त्या वाढलेल्या नसतात, उतरू न शकलेल्या असतात. काकूंची सूज ओसरली ती जंतू मेले म्हणून नव्हे, लढणारेच पोहोचले नाहीत म्हणून. शिवाय स्टेरॉइडने साखर आणखी चढते, ती गोष्ट वेगळीच.

तिसरा अडथळा आमचा सर्वांचा. पाय सुजलेला आम्ही डोळ्यांनी पाहिला होता. निरोप आमच्यापर्यंत आला होता, आणि आम्ही तो वाचला नाही.

याचा अर्थ स्टेरॉइड हे विष आहे असा कोणी घेऊ नये. कधी कधी शत्रू नसतानाच बोंब उठते. गाऊटमध्ये सांध्यात साचलेले खडे पांढऱ्या पेशींना उगाच बोलावतात आणि अंगठा आगीसारखा पेटतो. त्यावर दिले जाणारे कोल्चिसीन पेशींची चाल मंद करते. हे द्रव्य सह्याद्रीच्या रानात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातही असते. पण तो कंद जहरी आहे, त्याच्या नादी लागू नये. कुष्ठरोगातही उपचार चालू असताना कधी कधी दाह एकदम उसळतो आणि मज्जातंतू निकामी करू पाहतो. तेव्हा वेळेवर दिलेले स्टेरॉइडच हातपाय वाचवते. आपल्या पनवेल तालुक्यातच, नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. या आजाराने किती जणांचे हातपाय कायमचे अधू झाले आहेत, ते तिथे गेले की समजते. औषध तेच. जाणत्याच्या हाती ते तारते, नाव न सांगता पुडीत बांधून दिले तर मारते. आणि जे डॉक्टरांच्या सल्ल्याने दीर्घकाळ स्टेरॉइड घेत आहेत, त्यांनी हा लेख वाचून ते एकाएकी बंद करू नये. त्यानेही जिवाला धोका होतो.

दारूचाही इथेच उल्लेख करतो. दारूच्या अंमलात पांढऱ्या पेशींचे जखमेकडे जाणे मंदावते. पिणाऱ्याच्या जखमा चिघळतात, यात दैवाचा काही भाग नाही.

लढाई संपल्याचा निरोप

काम फत्ते झाले की शरीर माघारीचाही निरोप धाडते. त्याच जागी दुसऱ्या प्रकारची द्रव्ये तयार होतात, ती नव्या पेशींना थोपवतात. मग मोठ्या भक्षक पेशी येतात, मेलेल्या पेशी आणि कचरा गिळून जागा साफ करतात आणि नवे मांस भरण्याची तयारी सुरू होते. चांगल्या शरीराला लढाई सुरू करणे कळते, तशी ती थांबवणेही कळते.

आपण काय करावे?

काटा, खिळा किंवा पत्रा लागला तर जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी. काट्याचा तुकडा वर दिसत असेल तर उकळलेल्या चिमट्याने काढावा. खोल असेल तर सुईने उकरत बसू नये. रुईचा चीक, बिब्बा, शेण, तंबाखू यांतले काहीही लावू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. पू दाबून काढू नये. पाय उशीवर उंच ठेवावा.

लालीच्या कडेने पेनाने एक रेघ ओढावी. दुसऱ्या दिवशी लाली रेघेच्या बाहेर गेली असेल तर घरी थांबू नये. लाल रेषा वर चढू लागली, जांघेत अवधाण आले, ताप भरला, कातडी काळी पडली किंवा जखम असून दुखतच नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मधुमेह असलेल्यांनी लहान जखमेसाठीही वाट पाहू नये आणि रोज रात्री पायाचे तळवे पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर नातवंडांना पाहायला सांगावे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने सरकारी आरोग्य केंद्रात साखर तपासून घ्यावी. आणि डॉक्टर कोणीही असो, औषधाचे नाव चिठ्ठीवर लिहून मागावे. तो आपला हक्क आहे, त्यात संकोच कसला?

काकू आता बऱ्या आहेत. लावणीला जात नाहीत, पण बांधावर बसून पोरींवर नजर ठेवतात. परवा एका मुलीच्या पायात काटा गेला. काकूंनी तिला उठवले, हापशावर नेऊन साबणाने पाय धुवायला लावला आणि तिच्या आईला म्हणाल्या, "आजचा रोज बुडू दे गं. हिला आधी सुई देऊन आण."